फोटोत काय दिसतंय?

तर्जनीची दोन पेरं गेली तर ११ टक्के. मधल्या बोटाची दोन पेरं गेली तर ९. अख्खा अंगठा गेला तर ३०. अनामिका आणि करंगळी कायद्याच्या हिशेबात सारखीच, पूर्ण गेली तर ७. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा तक्ता होता. माणसाची कमवायची ताकद किती टक्क्यांनी घटली ते त्यावरून ठरायचं. वकिलीच्या पहिल्याच वर्षी माझ्या सीनियरनी तो माझ्याकडून पाठ करून घेतला. म्हणाले, "नाशकात कामगारांच्या केसेस चालवायच्या ना, मग प्रेसशॉपवाले येणारच तुझ्याकडे. तेव्हा पुस्तक उघडत बसू नकोस. समोरचा माणूस हात पुढे करून बसलेला असतो."

ते येत राहिले, पत्रा ठोकून भाग बनवणाऱ्या कारखान्यांतले. अंबडहून, सातपूरहून, सिन्नरहून. पहिल्या एक-दोन वर्षांत रात्री झोपताना मला ते हात दिसायचे. पुढे दिसेनासे झाले. त्याचंही कधीकधी वाईट वाटतं.

आज मात्र ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. त्यांची नोकरी गेली ती दुसऱ्याची बोटं कशामुळे गेली हे सांगितल्यामुळे. मी त्यांना भाऊ म्हणायचे, इथेही तेच म्हणते. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

एका रविवारी सकाळी ते आणि वहिनी माझ्या घरी आले. ऑफिस बंद होतं म्हणून घरचा पत्ता शोधत आले होते. हातात साडीच्या दुकानाची जाड कापडी पिशवी. तिच्यात सगळे कागद तारखेनुसार लावलेले, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं पाकीट. नेमणुकीचं पत्र, १४ वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, उत्कृष्ट कामगार म्हणून मिळालेलं एक प्रमाणपत्र. आणि मग एकदम, चार महिन्यांत सात मेमो, निलंबन, आरोपपत्र, चौकशी, बडतर्फी.

मी पहिल्यांदा बडतर्फीची तारीख बघितली आणि बोटांवर दिवस मोजले. महाराष्ट्रातल्या १९७१च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. तो ८३वा दिवस होता.

"इतके दिवस काय करत होता?"

"वाट बघत होतो," भाऊ म्हणाले. "वाटलं, साहेबांच्या लक्षात येईल."

माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अशा माणसानं हे वाक्य कुठल्या ना कुठल्या शब्दांत म्हटलेलं आहे. बाहेरच्यांना वाटतं, कंपनीविरुद्ध तक्रार करणारा माणूस आधीपासूनच नाराज, भांडकुदळ, युनियनबाजी करणारा असणार. माझा अनुभव उलटा आहे. तो बहुतेक वेळा कंपनीवर सगळ्यात जास्त विश्वास टाकलेला माणूस असतो. ज्याला कंपनीचं काही वाटत नाही तो तक्रार कशाला करेल? तो डोळ्यांवर कातडं ओढून आठ तास भरतो आणि घरी जातो. भाऊंना वाटलं होतं की वरपर्यंत बात पोचलेली नाही, पोचली की सगळं ठीक होईल.

प्रकरण काय होतं ते सांगते. पॉवर प्रेसमध्ये पत्रा ठेवायचा, वरून डाय, म्हणजे साचा, येते, ठोका बसतो, आकार निघतो. ठोका कित्येक टनांचा असतो. पत्रा हाताने ठेवायचा असेल तर हात आत जातो, म्हणून मशिनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ठोका पडतो. दोन्ही हात बटणांवर असले की आत जाणारा हात उरत नाही. इतकी साधी आणि शहाणी युक्ती. पण दोन हातांनी बटणं दाबायची, मग पत्रा काढायचा, मग नवा ठेवायचा, यात वेळ जातो. शिफ्टचा काउंट कमी येतो. म्हणून कुणीतरी डाव्या बटणावर एक रुपयाचं नाणं ठेवतं आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गच्च गुंडाळतं. बटण कायमचं दाबलेलं राहतं. आता उजव्या हाताने ठोका मारायचा आणि डाव्याने पत्रा सरकवायचा. काउंट वाढतो.

भाऊ डाय सेटर होते. सकाळी डाय बांधायला गेले तेव्हा सात नंबरच्या प्रेसवर त्यांना ती टेप दिसली. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि प्लांटच्या साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, "साहेब हे काढायला सांगा, पोरं नवीन आहेत." साहेबांकडून अंगठा आला. टेप राहिली. तीन दिवसांनी दुसऱ्या पाळीत त्या प्रेसवर सुरगाणा तालुक्यातला एक १९ वर्षांचा कंत्राटी मुलगा होता. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची दोन-दोन पेरं गेली.

त्याला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात नेलं नाही, एका खासगी डॉक्टरकडे नेलं. ईएसआयसीत त्याचं नाव अपघातानंतर चढलं. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द: निष्काळजीपणा. गावाहून त्याची आई आली तेव्हा तिलाही तेच सांगण्यात आलं, पोराचं लक्ष नव्हतं. भाऊ तेव्हा तिथेच उभे होते. ती बाई सगळ्यांसमोर त्या पोराला रागावली, असं त्यांनी मला सांगितलं. बँडेज बांधलेल्या पोराला. हे सांगताना त्यांचा आवाज गेला आणि पुढचं वहिनींनी सांगितलं.

त्यानंतर भाऊंनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पत्र लिहिलं. तपासणी झाली. तपासणीच्या दिवशी एकाही प्रेसवर टेप नव्हती.

मग मेमो. सात मिनिटं उशीर. हेल्मेटचा पट्टा सैल. वरिष्ठांशी उर्मट भाषा. आणि शेवटच्या आरोपपत्रात मुख्य आरोप: कारखान्यात बंदी असताना मोबाईल बाळगणे, यंत्राचा फोटो काढणे, कंपनीची गोपनीय माहिती बाहेर देणे.

हा नमुना माझ्या ओळखीचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्याही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेची केस आम्ही कामगार वकील सारखी वापरतो. महापालिकेने शाळेच्या इमारतीवर ७९,९७४ रुपयांचं कराचं बिल लावलं. संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, दरमहा १,५०० रुपये द्या. या बाईंनी नाही म्हटलं. त्यावर त्यांना २५ मेमो निघाले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबन. पुढे बडतर्फी. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये ती रद्द केली, उच्च न्यायालयाने मागचा पगार नाकारला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत मिळवून दिला. त्या निकालात न्यायमूर्तींनी लिहिलंय की नोकरी गेली की फक्त त्या माणसाचं नव्हे, सगळ्या घराचं उत्पन्न आटतं, मुलांचा सकस आहार आणि शिक्षण तुटतं, उपासमार टाळायला नातेवाइकांकडे हात पसरावा लागतो. कायद्याच्या पुस्तकात असं वाक्य क्वचित सापडतं. मी कितीदा तरी ते कोर्टात मोठ्याने वाचून दाखवलंय, आणि दर वेळी मागे बसलेल्या माझ्या पक्षकाराच्या घरातल्या बाईने पदर डोळ्यांना लावलेला पाहिलाय.

आतली चूक बाहेर सांगणाऱ्या भाऊंसारख्या माणसांसाठी मराठी वर्तमानपत्रांनी "जागल्या" हा शब्द रूढ केला. मला तो शब्द आवडतो आणि बोचतोही. गाव झोपलं की रात्रभर राखण करणारा, हाळी देत फिरणारा तो जागल्या. त्याच्या जागण्यावर सगळं गाव निर्धास्त झोपायचं. पण ही राखणदारी गावगाड्याने ठरावीक जातींच्या माथी मारली होती. कामाला तास नाहीत, मोबदल्याचा भरवसा नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते यासाठीच, आणि ती वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. शब्द नव्या कामासाठी घेताना त्याच्याबरोबर हेही आलं आहे असं मला वाटतं. जागायचं त्याने, झोपायचं इतरांनी, आणि त्याच्या घरात चूल पेटते की नाही ते कुणी बघायचं नाही.

आपल्याकडे जागल्यांसाठी कायदा नाही असं नाही. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. ते गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. दोन वर्षांनी लखीमपूर खेरीत पेट्रोलमधली भेसळ पकडणारे मंजुनाथ षण्मुगम. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेले तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, ज्यांनी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढले होते. एवढं झाल्यावर २०१४ च्या मे महिन्यात जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. हे लिहीपर्यंत तो अंमलात आलेला नाही. आला असता तरी तो सरकारी कारभाराबद्दलच्या तक्रारींसाठी आहे, अंबडच्या प्रेसशॉपला त्याचा उपयोग नव्हता. २०१३च्या कंपनी कायद्यात तक्रारीची यंत्रणा ठेवायची सक्ती आहे, पण ती शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचं ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना. मोठ्या कंपन्यांना भाग बनवून देणाऱ्या छोट्या व्हेंडरला नाही. आणि बोटं जास्त करून छोट्या व्हेंडरकडेच जातात.

रॅनबॅक्सी या औषध कंपनीची गोष्ट आठवते. औषधं आपल्याकडे बनत होती, खोटी आकडेवारी आपल्याकडे तयार होत होती, ती उघडकीला आणणारे दिनेश ठाकूर हे तिथलेच अधिकारी. पण न्याय लागला तो अमेरिकेत. २०१३ मध्ये कंपनीने तिथे गुन्हा कबूल केला, ५० कोटी डॉलर भरले, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे त्यातला वाटा ठाकूर यांना मिळाला. मला त्या रकमेचा हेवा वाटत नाही. ते जे सांगत होते ते खरं होतं, हे तिथे कोर्टाच्या कागदावर आलं, त्याचा वाटतो.

कारण आमच्याकडे नेमकं तेच होत नाही.

भाऊंच्या केसमध्ये मुद्दे निघाले त्या दिवशीची गोष्ट. कोर्ट आधी मुद्दे काढतं, म्हणजे नेमकं काय ठरवायचं त्याची यादी. तक्रारदार कायद्याच्या व्याख्येत बसणारा कामगार आहे का? चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून झाली का? चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष विकृत, म्हणजे पुराव्याला सोडून, आहेत का? अनुचित प्रथा सिद्ध होते का? मी बाहेर येऊन भाऊंना ते वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा सावकाश वाचला आणि विचारलं, "मॅडम, यात आपला मुद्दा कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता की सात नंबरच्या बटणावर टेप होती. आणि कोर्टापुढे तो प्रश्नच नव्हता. माणूस खरं बोलतो, त्याला शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी होते, भांडण त्या दुसऱ्या कारणावर चालतं, आणि तो जिंकला तरी त्याचं खरं फाइलच्या बाहेरच राहतं. इतक्या वर्षांच्या वकिलीत मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर या गोष्टीने.

पहिल्या मुद्द्यावरच वर्ष गेलं. बडतर्फीच्या दोन वर्षं आधी भाऊंना "ज्युनियर ऑफिसर" असं पत्र मिळालं होतं. घरी पेढे वाटले होते. पगारात फार फरक नाही, हातात तोच पाना, तीच एलन की, कपड्यांना तेच ऑइल. पण आता कंपनी म्हणत होती, हे कामगार नाहीत, सुपरवायझर आहेत, यांना कामगार न्यायालयात यायचा अधिकारच नाही. सुपरवायझरला तेव्हा १०,००० रुपये पगाराची मर्यादा होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे, आणि भाऊंचा पगार त्याहूनही वर. दिवाणी न्यायालय अशा खासगी नोकरीत सहसा परत कामावर घ्या म्हणत नाही, फार तर नुकसानभरपाई. म्हणून सगळं याच्यावर अडलं होतं की भाऊ प्रत्यक्षात काय काम करत होते. कायदा हुद्दा बघत नाही, मुख्य काम बघतो. कुणाची रजा मंजूर करायचे का? कुणाला मेमो द्यायचा अधिकार होता का? मी त्यांचे टूलरूममधून हत्यारं घेतल्याच्या सह्यांचे उतारे मागवले. दोन वर्षं, जवळपास रोज, पाना आणि एलन की घेतल्याची सही. तो मुद्दा आम्ही जिंकलो.

माझ्या तरुण मैत्रिणींना, मित्रांना म्हणूनच सांगते, हुद्दा वाढवणारं पत्र हातात आलं की त्यातली कामाची यादी वाचा. काम बदललेलं नसेल तर तसं लिहून कळवा आणि पोच घेऊन ठेवा.

एक साक्षीदार मिळाला नाही. भाऊंबरोबर दहा-दहा वर्षं डबा खाल्लेली माणसं होती. सिडकोत शेजारी राहणारी. कुणाचे घराचे हप्ते, कुणाची मुलगी बारावीला. एकजण रात्री माझ्याकडे येऊन गेला, सगळं खरं आहे म्हणाला, आणि हात जोडून म्हणाला, "मला मात्र बोलवू नका ताई." मी त्याला बोलावलं नाही. त्याच्यावर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

भाऊंचा उलटतपास झाला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, सध्या तुम्ही काय करता? हा प्रश्न ठरलेला असतो. दुसरीकडे कमावतोय असं दिसलं की मागचा पगार कापला जातो. मधल्या काळात वहिनींनी डबे सुरू केले होते आणि भाऊ एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्क करत होते. अनेक जण या प्रश्नाला "घरीच आहे" म्हणतात, आणि पोटासाठी धडपडणाऱ्या माणसाला कायद्यानेच तसं बोलायला लावलंय, असं मला वाटतं. भाऊंनी महिन्याचा आकडा सांगितला. सहा-सात हजार, काम असेल तर. बाहेर आल्यावर मी म्हटलं, यानं आपले पैसे कमी होतील. ते म्हणाले, "होऊ द्या."

आणि मग कंपनीचा साक्षीदार आला. एचआरचे मॅनेजर.

मोबाईल आणल्याचा आरोप सिद्ध करायला कंपनीने भाऊंचा तो फोटो स्वतःच कोर्टात दाखल केला होता. व्हॉट्सॲपच्या संदेशासकट, रंगीत प्रिंट. त्यावर निशाणी क्रमांक पडला होता, म्हणजे तो पुराव्यात आला होता. आदल्या रात्री फाइल चाळताना मी त्या पानावर थांबले. हा कागद मी आणायचा प्रयत्न केला असता तर दहा हरकती आल्या असत्या. तो त्यांनीच आणला होता.

साक्षीदाराला मी तो कागद दाखवायला सांगितला. हा फोटो तुम्हीच दाखल केला का? हो. खरा आहे ना? हो, म्हणून तर आरोप ठेवला. फोटोत काय दिसतंय?

"मशिन दिसतंय."

कोणतं मशिन? नंबर दिसतो का? त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला. समोरचे वकील उठले, फोटोतला मजकूर हा या वादाचा विषयच नाही म्हणाले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "दस्तऐवज तुमचा आहे. साक्षीदाराला उत्तर देऊ द्या." पंख्याचा आवाज येत होता. टायपिस्टची बोटं की-बोर्डवर थांबलेली. मी तिच्या बोटांकडे बघत होते, का कुणास ठाऊक.

मग एकेक वाक्य उमटत गेलं. कोर्टाच्या त्या ठरावीक भाषेत. हे म्हणणे खरे आहे की, फोटोत प्रेस क्रमांक ७ दिसतो. हे म्हणणे खरे आहे की, डाव्या बाजूचे बटण काळ्या टेपने बांधलेले दिसते. हे म्हणणे खरे आहे की, संदेशाची तारीख अपघाताच्या तीन दिवस आधीची आहे. हे म्हणणे खरे आहे की, संदेश प्लांटच्या प्रमुखांना मिळाला होता.

मागच्या बाकावर भाऊ बसले होते. मी वळून पाहिलं नाही, उलटतपासात पाहायचं नसतं.

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने वर जाण्यापेक्षा पैसे भरून मिटवणं पसंत केलं. मागचा पगार अर्धाच मिळाला. भाऊ परत तिथे गेले नाहीत, आता सिन्नरला एका टूलरूममध्ये आहेत. पण मला त्या निकालाच्या दिवसापेक्षा साक्षीनंतरची दुपार जास्त आठवते. भाऊ म्हणाले, त्या पानाची नक्कल मिळेल का? मी म्हटलं, सगळ्या साक्षीची काढू. "नको, ते एकच पान. दोन प्रती."

नकलेचा अर्ज भरताना मी विचारलं, दोन कशाला?

"एक त्या पोराच्या आईला नेऊन देतो," ते म्हणाले. "तिला अजून वाटतं, त्याचंच लक्ष नव्हतं."